आधी बॅकग्राउंड

"ही पोरगी मुकी आहे का हो?"

"न्हाई सर. इंग्लिश मिडियमची हाय."

कपाटाच्या पलीकडून हे संभाषण आलं तेव्हा मी अलीकडे उभी राहून भिंगं पुसत होते. पहिला आवाज सरांचा, दुसरा लॅब अटेंडंट खाजाभाईंचा. मग सर म्हणाले, "मग चालेल. वहीला बसवू तिला. बोलणारी माणसं आकडे विसरतात."

अशा रीतीने अणुभौतिकीतली माझी कारकीर्द सुरू झाली.

त्या वर्षांत नांदेडमध्ये मुलं दोन प्रकारची असत : लातूरला जाणारी आणि लातूरहून परत आलेली. मी दुसऱ्या प्रकारातली. दोन वर्षं लातूरच्या एका खोलीत तिघींबरोबर राहिले, भिंतीवर सूत्रं चिकटवली, पहाटे उठून क्लासला पुढची जागा धरली आणि शेवटी मेडिकलच्या यादीखाली थोडक्यात उरले. परत येऊन नांदेडला बीएस्सीला नाव घातलं. नायगावची मावशी भेटायला आली आणि म्हणाली, "असू दे गं. लग्नाला ग्रॅज्युएट तर लागतंच."

न बोलण्याची सवय त्याआधीची. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि लातूरच्या खोलीत इंग्रजी बोललं की हसू. दोन्हीकडचा अनुभव घेऊन मी बंद राहायचं ठरवलं होतं. हे ठरवणं कुणालातरी उपयोगी पडेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

सर मूळचे उमरीचे. उंच, वाकलेले, बारमाही राखाडी सफारी, वरच्या खिशात दोन पेनं आणि एक स्टॉपवॉच. गावात त्यांना टिकटिक सर म्हणत, त्यांच्या यंत्रामुळे. हे यंत्र म्हणजे शिलाई मशीनच्या झाकणाएवढी एक लाकडी पेटी, तिच्यावर आकड्यांची पट्टी आणि वायरीच्या टोकाला बोटाएवढी काचेची नळी. नळीतून अणूचा एखादा कण गेला की टिक असा आवाज होई आणि आकडा एकाने पुढे सरके. पेटी सरांनी जुन्या रेडिओंच्या सामानातून स्वतः जोडली होती. नळी कुठून आणली असं विचारलं की "आणली," एवढंच सांगत.

कण मोजायला काहीतरी किरणोत्सारी लागतं. मोठ्या संस्थांत त्यासाठी शिशाच्या डब्यांतले नमुने असतात. आमच्याकडे पेपरमिंटचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात गॅसबत्तीची जाळी. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरतात त्या बत्तीच्या काचेत जी पांढरी जाळी पेटते, तीच. त्या काळी तिच्या धाग्यात थोरियम असे. त्यामुळे ती लख्ख उजळे, आणि त्यामुळेच नळीखाली ठेवली की टिकटिक वाढे. डब्याला सर कुलूप लावत. किल्ली जानव्याला.

सरांचं पहिलं वाक्य, मधलं वाक्य आणि शेवटचं वाक्य एकच होतं : "आधी बॅकग्राउंड." नळीखाली काही नसतानाही यंत्र टिकटिकतंच. जमिनीतून, भिंतींतून, आभाळातून कण येतच असतात. म्हणून आधी काहीही न ठेवता दहा मिनिटं मोजायचं, मग वस्तू ठेवून दहा मिनिटं मोजायचं, आणि पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करायचा. उरेल ते वस्तूचं. लॅबमध्ये हे ठीक होतं. सर ते सगळीकडे करत. पाहुणे आले की पहिली दहा मिनिटं एक अक्षर बोलत नसत, नुसते बघत बसत. काकू चहा आणून ठेवायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "घ्या तुम्ही. त्यांचं बॅकग्राउंड चालू हाय." स्वतःचं लग्न ठरलं तेव्हाही मुलगी बघायला जाऊन ते असेच बसले होते म्हणे. काकूंच्या वडिलांना वाटलं, मुलगा गरीब स्वभावाचा आहे.

दुसरं वाक्य वहीसाठी होतं. वही मला देताना ते म्हणाले, "जे दिसलं ते लिही. जे वाटलं ते घरी जाऊन आईला सांग." आणि पानाला उभी रेघ मारून एक रुंद समास सोडला. "आकडे इकडं. समासात बाकीचं. ऊन होतं, कुत्रं भुंकलं, कोण आलं, कोण उठून गेलं. सगळं."

"सर, कुत्र्याचा काय संबंध?" शिवकांतने विचारलं. सरांच्या हाताखाली खाजाभाई, मी आणि तिसरा तो, उदगीरच्या कापड दुकानदाराचा मुलगा. माझ्या वाटचंही तोच बोलायचा.

"संबंध नाही हे आज कळत नसतं," सर म्हणाले. "म्हणून लिहायचं."

सरांना लातूरच्या एका मोठ्या क्लासने बोलावलं होतं ती गोष्ट मला फार आवडते, कारण मी तिथली होते आणि त्या हॉलमध्ये बसलेली मुलं कशी घामेजलेली असतात ते मला माहीत होतं. क्लासचे संचालक स्वतः गाडी घेऊन आले. नमुन्याचा एकच तास घ्या, मग ठरवू. सर गेले. शेकडो मुलं वह्या उघडून तयार. सर फळ्याजवळ उभे राहिले आणि दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मुलांना वाटलं माइक बंद आहे. दोन माणसं येऊन माइक बदलून गेली. मग सर अणूच्या गाभ्याबद्दल बोलायला लागले, आणि म्हणे फार सुंदर बोलले. शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"माहीत नाही."

"मागच्या वर्षी आलं होतं का?"

"माहीत नाही."

"मग किती मार्कांचं धरायचं?"

"ते तर कुणालाच माहीत नाही," सर आनंदाने म्हणाले. गाभ्यातली बलं नेमकी कशी वागतात त्याबद्दल मुलगा विचारतोय असं त्यांना वाटलं होतं.

परत सोडायला गाडी आली नाही. सर एसटीने आले. तरी संचालक दर वर्षी एकदा चहाला येत आणि विचारत, "मग सर, यंदा काय विचार?" सर म्हणत, "मोजून सांगतो."

केळीचं प्रकरण मी पहिल्या वर्षाला असतानाचं. सरांनी वर्गात सांगितलं की केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातलं थोडंसं किरणोत्सारी असतं. मोजूनही दाखवलं. दहा मिनिटांत चार टिक जास्त, आणि तेवढा फरक मोजणीत एरवीही पडतो. सरांनी फळ्यावर 'काहीच सिद्ध झालं नाही' असं लिहून तास संपवला. पण मुलांनी घरी जाऊन पहिलं अर्धंच सांगितलं. दोन दिवसांनी अर्धापूरचा एक केळीवाला व्यापारी स्टाफरूमच्या दारात उभा. मोठं पोट, कपाळाला भस्म, हातात केळ्यांची फणी.

"कोण हाय तो टिकटिक मास्तर? आमच्या केळीत अणुबॉम्ब हाय म्हणून सांगून राहिले?"

सरांनी त्याला लॅबमध्ये नेलं, स्टुलावर बसवलं आणि नळी त्याच्या पोटाला लावली. "हलू नका. दहा मिनिटं." तो माणूस श्वास धरून बसला. टिक, टिक. मग सरांनी केळी मोजली. टिक, टिक. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले.

"म्हणजे?" व्यापारी घाबरून म्हणाला.

"म्हणजे केळ्यात जेवढं आहे तेवढंच तुमच्यात आहे. तुम्हाला काही त्रास होतो का?"

"न्हाई."

"मग केळ्यालाही होणार नाही," असं म्हणून सरांनी त्याच्यासमोर तीन केळी खाल्ली. तो जाताना फणी ठेवून गेला. पण त्या आठवड्यात बाजारात केळी पडून राहिली ती राहिलीच. खाजाभाई मला म्हणाले होते, "बेटी, आकडा लॅबच्या बाहेर गेला की त्याला पाय फुटतात. मग आपलं ऐकत न्हाई तो."

हे वाक्य मी समासात लिहून ठेवलं.

खाजाभाई सरांना भेटले भूकंपामुळे. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. मला आठवतं ते एवढंच की वडील आठवडाभर रेडिओजवळून हलले नाहीत आणि आमच्या शाळेतून ब्लँकेटं गोळा करून लातूरकडे पाठवली. त्यानंतर कितीतरी महिने लहान लहान धक्के येत होते. अशाच एका दुपारी कॉलेज हललं. सगळे मैदानात पळाले. सर मात्र दिसेनात. प्राचार्य रडकुंडीला आले. जरा वेळाने सर हातात स्टॉपवॉच घेऊन पायऱ्या उतरले, रागाने लाल.

"कोणी मोजलं का?"

कुणाला काही कळेना.

"एवढी माणसं बाहेर पळाली. किती सेकंद हललं, हे एकालाही बघता आलं नाही? माझं घड्याळ नेमकं बंद पडलं!"

"सर, जीव वाचवत होतो," प्राचार्य म्हणाले.

"वाचला ना? मग आकडा कुठंय?"

तेव्हा मागून ऑफिसातला एक शिपाई हात वर करून म्हणाला, "सर, मी मोजलं. बारा."

सरांनी आकडा लगेच लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी अर्ज करून त्यांनी खाजाभाईंना फिजिक्सच्या लॅबमध्ये मागून घेतलं. खाजाभाईंनी मला खरं काय ते पुढे सांगितलं. "मी कुठला मोजतो बेटी. भीती वाटली की मला आकडे म्हणायची आदत हाय. लहानपणापासून. पण सरांना एवढी खुशी झाली, की मी बोललो न्हाई काही."

भूकंपाआधी जमिनीच्या भेगांतून किरणोत्सारी वायू वर येतो असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून दर वर्षी तिसऱ्या वर्षाची दोनतीन मुलं घेऊन ते भूकंपाच्या भागात मोजायला जात. बाहेरचे म्हणत, बीएस्सीच्या पोरांचं हे काम नव्हे. सर म्हणत, "तसं कुठं लिहिलंय ते दाखवा. मी वाचून घेईन." आधीच्या वर्षांत पेटी दर खेपेला रस्त्यात बिघडायची, म्हणून पूर्ण असा एकही आलेख नव्हता. आमच्या वर्षी ती पहिल्यांदा नीट चालली.

पद्धत अशी. सकाळी नांदेडच्या लॅबमध्ये शिशाच्या विटांमध्ये नळी ठेवून बॅकग्राउंड घ्यायचं. मग एसटीने थेट भूकंपाच्या गावात. तिथे शाळेत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी मोजत मोजत परत यायचं : ते गाव, औसा, लातूरच्या बाहेर, चाकूर, अहमदपूर, लोहा. सहा ठिकाणं. अशा तीन फेऱ्या त्या वर्षी झाल्या. विटा जड म्हणून लॅबमध्येच ठेवायच्या. नळी काचेची, दगडावर ठेवली तर तडकेल, म्हणून खाजाभाईंची कापडी पिशवी घडी घालून खाली ठेवायची आणि तिच्यावर नळी. पहिल्याच ठिकाणी खाजाभाई म्हणाले, "सर, पिशवीत माझं सामान हाय. दुसरं काही देऊ का खाली?"

"नको! एकदा जी गादी घेतली ती बदलायची नाही," सर म्हणाले. "प्रयोगात शिस्त लागते."

मी समासात लिहिलं : 'गादी – खा. भाईंची पिशवी, फुगलेली.'

भूकंपाच्या त्या गावात आता सिमेंटच्या घरांच्या सरळ रांगा होत्या. आम्ही शेवटच्या रांगेतल्या एका घरापुढे मोजायचो. घरात एक मावशी एकटीच राहायची. एकटी का, हे आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिची खाट अंगणात होती. इतकी वर्षं होऊन गेली, घर पक्कं, तरी ती आत झोपत नव्हती. दहा मिनिटं संपेपर्यंत ती यंत्राकडे टक लावून बघायची. मग सरांना नाही, मला विचारायची, कारण मी वही धरलेली असायची.

"पोरी, काय म्हणती मशीन? घर बरं हाय का?"

मी सरांकडे बघायचे. सर म्हणायचे, "मावशी, मोजून सांगतो. मोजल्याबिगर बोलत न्हाई मी."

"मोजा बाप्पा. लई दिवस झाले, कुणी मोजलंच न्हाई."

तिन्ही फेऱ्यांत तिने तेच विचारलं. तिन्ही फेऱ्यांत तिच्या अंगणातला आकडा नांदेडच्या तिपटीहून वर होता. औशाला थोडा कमी. लातूरला आणखी कमी. लोह्याला येईपर्यंत जवळजवळ नांदेडइतका. शिवकांतने आलेख काढला आणि पट्टी लावली, तर सहाच्या सहा ठिपके एका रेषेत. सर तो कागद उजेडात धरून कितीतरी वेळ उभे होते.

"इतके सरळ तर आमच्या उमरीचे रूळ पण नाहीत," ते म्हणाले. "भेगेपासून जितकं दूर, तितकं कमी. खाजाभाई, बघा हो."

"हौ सर. लई सुंदर हाय," खाजाभाई म्हणाले.

आमच्या कॉलेजात चर्चासत्र ठरलं; त्यात सर या आलेखावरचा निबंध वाचणार होते. मुंबईहून एक शास्त्रज्ञ येणार होते. खर्च लातूरच्या क्लासच्या संचालकांनी उचलला होता आणि स्थानिक पेपरचा बातमीदारही येणार होता. सर त्याला म्हणाले होते, "नीट लिहा. त्या गावच्या लोकांना कळलं पाहिजे. त्या मावशीला मी शब्द दिलाय."

चर्चासत्राच्या आदल्या दुपारी लॅबमध्ये लाइट गेली. लोडशेडिंग त्या दिवसांत ठरलेलंच. सर छपाईला गेले होते. मी बॅटरीवरच्या यंत्राजवळ बसून वही साफ अक्षरात उतरवत होते. यंत्र सावकाश टिकटिकत होतं. खाजाभाई गॅसबत्ती घेऊन आले, पिशवी माझ्यासमोर टेबलावर ठेवली, आणि यंत्र एकदम कढईत मोहरी पडावी तसं तडतडायला लागलं.

खाजाभाईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं, फाडलं, नवी जाळी बत्तीला बांधायला घेतली. मी पाकिटाकडे बघत होते. सरांच्या पेपरमिंटच्या डब्यातली जाळी मी अशाच पाकिटातून निघालेली पाहिली होती.

आठवड्यात पहिल्यांदाच मी आपण होऊन बोलले. "खाजाभाई, ही पाकिटं नेहमी पिशवीत असतात?"

"हौ. माझ्या भावाची दुकान हाय ना बत्तीची. लग्नसराईत वरातीला देतो तो. मी कुठं गेलो की पाकिटं नेतो, दुकानदारांना देत येतो. त्यांना नांदेडला यायला नको. सरांच्या डब्यातली जाळी पण आमच्याच दुकानची हाय."

मी वही उलटी चाळत गेले. समासात सगळं होतं, माझ्याच अक्षरात. भूकंपाचं गाव : 'मोजणीनंतर खा. भाई किराणा दुकानात.' औसा : 'मोजणीनंतर खा. भाई चहाला.' लातूर : 'खा. भाई, ओळखीचे दुकान.' चाकूर, अहमदपूर, तसंच. लोहा : 'गादी पातळ. नळी दगडाला टेकते.'

भेगेपासून दूर जाताना जमीन शांत होत नव्हती. खाजाभाईंचा माल खपत होता. आणि ते इतके नियमित की तिन्ही फेऱ्यांत प्रत्येक गावी ठरलेली पाकिटं देत आले होते, म्हणून ठिपके रेषेत होते.

मी आधी रिकामी पिशवी मोजली. मग भरलेली. खाजाभाईंना फक्त म्हणाले, "सराव करते." भरलेल्या पिशवीचा आकडा मावशीच्या अंगणाचा होता.

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. सांगायलाच गेले. काकू सफारीला इस्त्री करत होत्या. सरांनी मला बसवलं आणि स्वतः समोर बसले. पहिली दहा मिनिटं बॅकग्राउंडची, म्हणून मला बोलता आलं नाही. मग काकूंनी सुशीला आणली, चुरमुऱ्यांची, वर शेंगदाणे. सर म्हणाले, "वहीवाली, तुला सांगतो. इतकी वर्षं लोक विचारायचे, टिकटिक करून काय मिळालं. उद्या पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काहीतरी आहे." माझ्या तोंडात घास होता. तो संपला तेव्हा काकूंनी दुसरी बशी भरली होती. मी दोन बश्या सुशीला खाऊन, "येते सर," म्हणून घरी आले.

मी न सांगण्याची कारणं रात्रभर नीट मांडली. सरांचा एकुलता एक निबंध. ड्यूटीवर असताना माल विकला म्हणून खाजाभाईंची नोकरी. दोन्ही रकान्यांत भरपूर होतं. समोरच्या रकान्यात अंगणातली एक खाट होती, आणि उद्याच्या पेपरनंतर तशा किती खाटा बाहेर येतील, त्याचा आकडा माझ्याकडे नव्हता.

यापुढचं शेवटचं मिनिट मी जरा बाजूला ठेवते आणि नंतरचं आधी सांगते. खाजाभाईंना प्राचार्यांनी नोटीस काढायला घेतली तेव्हा सर स्वतः गेले आणि म्हणाले, "गादी बदलू नका असं मी बजावलं होतं. नोटीस गादीवाल्याला नाही, प्रयोगवाल्याला द्या." नोटीस निघाली नाही. निबंध निघाला, वेगळ्या नावाने : 'क्षेत्रमोजणीतील एका चुकीबद्दल.' त्यात पिशवीची आकृती आहे, मापांसह. ती पिशवी सरांनी खाजाभाईंकडून मागून घेतली आणि लॅबच्या दाराशी खिळ्याला टांगली. मागच्या वर्षी खाजाभाई निवृत्त झाले, तेव्हाही ती तिथेच होती. संचालक त्यानंतर चहाला आले नाहीत, त्यामुळे 'मोजून सांगतो' हे उत्तर द्यायचं राहून गेलं म्हणून सर हळहळतात.

आणि चर्चासत्रानंतरच्या रविवारी सर एकटेच एसटीने त्या गावात गेले. मावशीचीच गोधडी खाली घेऊन मोजलं. आकडा नांदेडइतका. सर म्हणाले, "मावशी, घर चांगलं हाय. चूक आमची होती."

"मला ठाऊक होतं की," मावशी म्हणाली. "मांजर आत जाऊन निजतं रोज."

ती आता आत झोपते का, हे सरांनी विचारलं नाही. परत आल्यावर त्यांनी वही मागितली आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'खाट अजून अंगणात. पण दुसरी गोधडी आत अंथरलेली होती.'

आता ते मिनिट.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत मुंबईचे पाहुणे, शेजारी संचालक, कडेला बातमीदार. मी मंचाच्या पायऱ्यांपाशी वही घेऊन उभी. इस्त्रीची सफारी घातलेले सर माइकपुढे आले आणि म्हणाले, "सुरुवातीला आपण एक मिनिट शांत राहू या."

त्यांना बॅकग्राउंड दाखवायचं होतं. पण विषय भूकंपाचा, त्यामुळे संचालक गंभीर चेहऱ्याने उठून उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांचं बघून पहिली रांग उठली, मग सगळा हॉल. सरांनी "अहो, बसा, बसा," अशा खुणा केल्या, पण माना खाली असल्याने कुणी पाहिल्या नाहीत. इतक्यात खाजाभाईंनी टेबलावर यंत्र मांडलं, शिस्तीप्रमाणे पिशवीची घडी घातली आणि तिच्यावर नळी ठेवली. लग्नसराई होती. पिशवी गच्च भरलेली होती.

यंत्र मोहरीसारखं तडतडायला लागलं.

सरांनी पेटीकडे पाहिलं. मग नळीकडे. मग वर छताकडे आणि खाली फरशीकडे. नांदेडात, भेगेपासून इतक्या दूर, हा आकडा यायला नको होता. मी तीन वर्षांत पहिल्यांदा सरांना काय करायचं ते न सुचलेलं पाहिलं. खाजाभाई भीतीने ओठ हलवून आकडे म्हणायला लागले होते. मागच्या रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "इथं बी?" बातमीदाराने मान खालीच ठेवून पेनाचं टोपण काढलं.

मिनिट संपत आलं होतं. सगळे उभे होते, कुणीच बोलत नव्हतं, आणि त्यात वेगळं असं मी काही करत नव्हते. मी वही छातीशी धरली आणि माझ्याच कानांना अनोळखी वाटेल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले,

"सर, पिशवी मोजायची राहिली."